पॉवर मॉड्युल उघडून शिकताना: नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

आधी एक मेलेलं मॉड्युल मिळवा. ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) किंवा यूपीएस दुरुस्त करणाऱ्या कोणाकडेही अशी मॉड्युल खोक्यात पडलेली असतात, आणि मागितलं तर लोक आनंदाने देतात. १२०० व्होल्टचं, वर जाड स्क्रूची तीन टर्मिनल असलेलं, १०६ मिमी लांब आणि ६२ मिमी रुंद असं हाफ-ब्रिज आयजीबीटी मॉड्युल शिकायला सगळ्यात चांगलं. आयजीबीटी म्हणजे मोठा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच; हाफ-ब्रिजमध्ये असे दोन स्विच असतात. ते आतून मोकळंढाकळं असतं आणि डोळ्यांनी वाचता येतं.

हा लेख डिप्लोमा-इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, ड्राइव्हच्या मेंटेनन्सला नुकत्याच लागलेल्यांसाठी आहे, आणि ईव्ही चार्जर किंवा सोलर इन्व्हर्टरच्या कंपनीत ‘रिलायबिलिटी’ खात्यात पडलेल्या पण ते खातं नक्की काय करतं हे कोणी न सांगितलेल्या मुलामुलींसाठीही आहे. मला त्यांना एकच गोष्ट पटवायची आहे. मॉड्युल उडालं की आपण व्होल्टेजला, करंटला, नाहीतर कंपनीला दोष देतो. पण वर्षानुवर्षं चालून उडालेलं मॉड्युल बहुतेक वेळा तापण्या-थंडावण्याने आधीच झिजलेलं असतं. वीज फक्त शेवटचा धक्का देते.

पायरी १: उघडा, पण जपून

चालू पॅनेलमधून मॉड्युल काढणार असाल तर डीसी बस, म्हणजे ड्राइव्हच्या आतली डीसी विजेची पट्टी, आधी मल्टीमीटरने मोजा. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये ती साधारण ५८० व्होल्टवर असते आणि सप्लाय बंद केल्यावरही कपॅसिटर काही मिनिटं भरलेले राहतात. ड्राइव्हवर जितकी मिनिटं थांबायला लिहिलं असेल तितकी थांबा आणि मग पुन्हा मोजा. दुसरी काळजी सिरॅमिकची. आतला पांढरा तुकडा घासू नका, फोडू नका. आजच्या बहुतेक मॉड्युलमध्ये ॲल्युमिना असतं, पण जुन्या काही पॉवर भागांत बेरिलियम ऑक्साइड वापरलेलं असतं आणि त्याची धूळ फुप्फुसांना फार घातक असते. पाहून दोन्हींतला फरक कळत नाही.

प्लास्टिकचं झाकण उचकटलं की पारदर्शक जेली दिसेल. हे सिलिकोन जेल. हवेतून साधारण मिलिमीटरला तीन किलोव्होल्टला ठिणगी पडते. जेल त्याच्या कितीतरी पट सहन करतं, म्हणून एकमेकींना खेटून असलेल्या वायरी शॉर्ट होत नाहीत. ते मऊ ठेवण्यामागेही कारण आहे: वायरींना हलायला जागा हवी. लाकडी काडीने जेल थोडं थोडं काढा. घाई केलीत तर वायरी उपटल्या जातील, आणि मग त्या आधीच सुटल्या होत्या की तुम्ही सोडवल्या हे कळायचा मार्ग उरणार नाही.

आता वरून खाली पाहा. करड्या, चकचकीत चौकोनी चिप दिसतात. मोठ्या आयजीबीटीच्या, लहान डायोडच्या. चिपवर ॲल्युमिनियमच्या जाड वायरी, साधारण ३०० ते ४०० मायक्रॉनच्या, अल्ट्रासोनिक कंपनांनी दाबून बसवलेल्या असतात. तिथे सोल्डर नसतं. चिपखाली मात्र सोल्डरचा पातळ थर असतो. त्याखाली डीबीसी, म्हणजे सिरॅमिकच्या दोन्ही अंगांना तांब्याचे पत्रे चिकटवलेली पट्टी. हे चिकटवणं सुंदर आहे. तांबं सुमारे १०८३ अंशांना वितळतं, पण त्यात थोडा ऑक्सिजन मिसळला की १०६५ अंशांच्या आसपास पृष्ठभागावर एक पातळ द्रव थर तयार होतो आणि तोच सिरॅमिकला धरतो. डीबीसीखाली पुन्हा सोल्डर, आणि सगळ्यात खाली साधारण तीन मिमी जाडीची तांब्याची बेसप्लेट. तिच्याखाली थर्मल पेस्ट आणि हीटसिंक.

हा क्रम कागदावर स्वतःच्या हाताने काढा. पुढचं सगळं याच चित्रावर चालणार आहे.

पायरी २: चित्राशेजारी प्रसरणाचे आकडे लिहा

प्रत्येक थरापुढे लिहा, एक अंश तापमान वाढलं तर तो दहा लाखात किती भाग लांबतो. सिलिकॉन सुमारे ३, ॲल्युमिना ७, तांबं १७, ॲल्युमिनियम २३. सिलिकॉनवर ॲल्युमिनियमची वायर बसवली आहे, म्हणजे ३ आणि २३ एकमेकांना बांधले आहेत. ॲल्युमिनाच्या पट्टीखाली तांब्याची बेसप्लेट, म्हणजे ७ आणि १७.

एकदा गणित करून पाहा. डीबीसीची पट्टी ४० मिमी लांब आहे आणि तापमान ८० अंशांनी वाढलं असं धरा. तांब्याची बेसप्लेट तेवढ्या लांबीत ५४ मायक्रॉन वाढते, डीबीसी फक्त २२. फरक ३२ मायक्रॉनचा, म्हणजे दोन्ही टोकांना १६-१६. हा फरक मधल्या सोल्डरने झेलायचा असतो. मधोमध काहीच ताण नाही, टोकांना सगळ्यात जास्त. म्हणून बेसप्लेटवरच्या सोल्डरची भेग बहुधा कोपऱ्यातून सुरू होते आणि आत सरकत जाते. एकदा १६ मायक्रॉन सरकणं सोल्डरला काहीच वाटत नाही. लाख वेळा सरकलं की ते फाटतं. लोखंडी तार वाकवून वाकवून तोडतो, तसंच.

पायरी ३: उष्णतेचा रस्ता चालून या

डेटाशीटमध्ये जंक्शनपासून (चिपपासून) केसपर्यंतचा (बेसप्लेटपर्यंतचा) थर्मल रेझिस्टन्स, म्हणजे उष्णतेला होणारा अडथळा, दिलेला असतो. समजा तो एका स्विचसाठी ०.०८ केल्विन प्रति वॉट आहे आणि त्या स्विचमध्ये ३०० वॉट उष्णता होते. गुणाकार २४. म्हणजे चिप बेसप्लेटपेक्षा २४ अंशांनी गरम. ओहमचा नियम येत असेल तर हेही येतं: वॉट म्हणजे करंट, अंश म्हणजे व्होल्टेज.

पुढे थर्मल पेस्ट येते. इथे मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे, कारण माझ्या पाहण्यातली सगळ्यात जास्त हकनाक गेलेली मॉड्युल पेस्टपायी गेली आहेत.

पेस्ट धातूच्या मानाने उष्णतेची अगदी वाईट वाहक आहे. तांब्याची उष्णता-वाहकता जवळपास ४०० (वॉट प्रति मीटर-केल्विन), साध्या पेस्टची जेमतेम १. मग ती लावायचीच का? कारण ती नसेल तर दोन धातूंमधल्या बारीक फटीत हवा राहते, आणि हवेची वाहकता ०.०२६. पेस्टचं काम हवा हाकलणं एवढंच. १०६ बाय ६२ मिमीच्या बेसप्लेटखाली १०० मायक्रॉन पेस्ट असेल आणि दोन्ही स्विच मिळून ६०० वॉट खाली जात असतील, तर त्या थरात सुमारे ९ अंश चढतात. तीच पेस्ट ३०० मायक्रॉन झाली तर २७. खरं तर उष्णता चिपखालीच एकवटलेली असते, सगळ्या पृष्ठभागावर सारखी पसरत नाही, म्हणून प्रत्यक्षातला फटका याहून मोठा बसतो.

एका कारखान्यात स्क्रू कॉम्प्रेसरचा ड्राइव्ह दर चार-पाच महिन्यांनी उडायचा. तिथल्या लोकांनी मॉड्युलची कंपनी बदलून पाहिली, तरी तेच. चौथं मॉड्युल माझ्याकडे आलं. मागच्या बाजूला पेस्ट पोळीवर तूप ओतावं तशी जाड होती आणि कडेने ओघळून सुकली होती. आत आयजीबीटीच्या एका चिपवरच्या आठ वायरींपैकी पाच पायापासून सुटलेल्या. चिमट्याच्या टोकाने हलकेच हलवलं की डुलायच्या. सुटलेल्या प्रत्येक पायाखाली चिपवर एक लहान, खरखरीत, पांढुरका ठसा. उरलेल्या तीन वायरी वितळून त्यांचे गोळे झाले होते. आठांचा करंट तिघींनी वाहिला, आणि त्या गेल्या.

पेस्ट लावताना शक्यतो जाळी (स्टेन्सिल) वापरा, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी येते. जाळी नसेल तर रबरी रोलरने पातळ, एकसारखा थर द्या. स्क्रू आधी सगळे हलके टेकवा, समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या क्रमाने. थोडा वेळ पेस्ट पसरू द्या आणि मग डेटाशीटमधला टॉर्क टॉर्क पान्यानेच द्या. बेसप्लेट मुद्दाम किंचित फुगीर बनवलेली असते, म्हणजे दाबल्यावर मधला भाग आधी टेकतो. एक कोपरा आधी आवळलात तर हा सगळा विचार वाया जातो, आणि आतलं सिरॅमिक तडकण्याचीही भीती असते. बसवून झाल्यावर पहिल्यांदा एकदा परत उघडून ठसा पाहा. थर पातळ आणि सगळीकडे सारखा पसरला असेल तर हात बसला समजा.

पायरी ४: चढउतार मोजायला शिका

कायम ११० अंशांवर शांतपणे चालणारं मॉड्युल वर्षानुवर्षं टिकतं. ५० ते ११० असं वरखाली करणारं लवकर जातं. १९९० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये लेसिट नावाच्या प्रकल्पात वेगवेगळ्या कंपन्यांची मॉड्युल मुद्दाम तापवून-थंडावून मारली गेली. निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून निघालेल्या समीकरणात आयुष्य तापमानाच्या चढउताराच्या साधारण पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. म्हणजे चढउतार ६० वरून ४० अंशांवर आणला तर आयुष्य सातपटीच्या वर. निम्म्यावर आणला तर सुमारे ३२ पट. सरासरी तापमान वाढलं तरी आयुष्य घटतं, पण चढउताराचा हात सगळ्यात जड.

मुंबईची लोकल घ्या. चर्चगेट ते बोरिवली स्लो गाडी, २२ स्टेशनं, म्हणजे २१ वेळा उभ्यापासून पळायचं. गाडी सुटताना मोटरला भरपूर करंट, चिप तापते. मग गाडी नुसती धावत राहते, चिप थंडावते. ब्रेक लागताना वीज उलटी फिरते आणि डायोड तापतात. दिवसाला अशा दहा फेऱ्या धरल्या तर २१० वेळा, वर्षाचे ३५० दिवस धरले तर ७३,५००. पंचवीस वर्षांत अठरा लाखांच्या वर. लांब पल्ल्याच्या इंजिनाला याच्या मानाने फारच कमी वेळा थांबावं लागतं. मॉड्युल तेच असलं तरी लोकलसाठी निवडताना चढउतार कितीतरी लहान ठेवावा लागतो, म्हणजे जास्त चिप, मोठं हीटसिंक, जास्त खर्च.

आता त्या कॉम्प्रेसरकडे परत. तो दर चाळीस सेकंदांनी लोड-अनलोड होत होता, म्हणजे हवा दाबणं सुरू-बंद करत होता, कारण हवेच्या दाबाचा पट्टा (सुरू आणि बंद होण्याच्या दाबांमधला फरक) फार अरुंद ठेवला होता. दिवसाला २,१६०, पाच महिन्यांत सव्वातीन लाख. जाड पेस्टने चिप आणखी तापत होती. पेस्ट साफ केली, दाबाचा पट्टा रुंद केला, आणि त्यानंतर तो ड्राइव्ह चालू आहे. मॉड्युलची कंपनी बदलायची काहीच गरज नव्हती.

प्रत्यक्षातले चढउतार इतके नीटनेटके नसतात. मोठ्यात लहान, लहानात आणखी लहान असे ते गुंतलेले असतात. ते वेगळे करून मोजण्याची रीत जपानमध्ये १९६८ मध्ये निघाली. तापमानाचा आलेख उभा धरायचा आणि पागोड्याच्या एकाखाली एक छपरांवरून पाऊस ओघळतो तसे प्रवाह मोजायचे. म्हणून तिचं नाव रेनफ्लो. पायथनमध्ये किंवा मॅटलॅबमध्ये ती तयार मिळते, पण एकदा तरी दहा-बारा बिंदूंच्या आलेखावर हाताने करा.

आणखी एक भेद सुरुवातीपासून डोक्यात ठेवा. चिप सेकंदाच्या आत-बाहेर तापते, बेसप्लेटला काही सेकंद लागतात, हीटसिंकला मिनिटं. म्हणून झटपट चढउतार वायरींना आणि चिपखालच्या सोल्डरला खातात. सावकाश चढउतार, म्हणजे सकाळी मशीन सुरू केलं आणि रात्री बंद केलं असे, बेसप्लेटवरच्या मोठ्या सोल्डरला खातात. गाड्यांसाठी युरोपात वापरली जाणारी एक्यूजी ३२४ ही चाचण्यांची मार्गदर्शिका याच कारणाने पॉवर सायकलिंगच्या (करंट चालू-बंद करून तापवण्या-थंडावण्याच्या) दोन वेगळ्या चाचण्या मागते: एकीत करंट पाच सेकंदांपेक्षा कमी वेळ चालू, दुसरीत पंधरा सेकंदांपेक्षा जास्त.

पायरी ५: मेलेल्या मॉड्युलचा जबाब वाचा

वायरीचा पाय सुटून मागे खरखरीत ठसा राहिला असेल तर चढउताराचा थकवा. वायर पायाच्या टाचेशी, वळणावर तुटली असेल तर तिचं सततचं वाकणं. चिपवरचं ॲल्युमिनियम चकचकीत न राहता भुरकट झालं असेल तर तेही वारंवार तापल्याचं लक्षण. सगळी चिप फुटून मोठा खड्डा पडला असेल तर शॉर्ट-सर्किटची शंका घ्या, पण शेजारच्या न जळालेल्या चिपकडेही पाहा; मूळ कारणाचा पुरावा बहुधा तिथे शाबूत असतो. गेटपाशी (स्विचला चालू-बंदचा हुकूम देणाऱ्या टोकापाशी) सुईच्या टोकाएवढा डाग असेल तर गेटवर जास्त व्होल्टेज किंवा हाताळतानाची स्टॅटिक वीज.

ओलाव्याकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. जेल पाण्याच्या थेंबाला अडवतं, वाफेला अडवत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात पॅनेल रात्री बंद पडून थंड झालं आणि सकाळी एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं, तर चिपच्या कडेला, जिथे सगळं व्होल्टेज काही शे मायक्रॉनमध्ये उतरतं, तिथे गंज सुरू होतो. पूर्वी याची चाचणी ८५ अंश, ८५ टक्के आर्द्रता आणि फक्त ८० व्होल्टवर, १००० तास होत असे. आता रेटिंगच्या ८० टक्के व्होल्टेज लावून करतात, आणि ती खऱ्या परिस्थितीच्या जवळ जाते. पॅनेलमध्ये स्पेस हीटर असेल तर तो रात्री बंद करू नका. त्याचं काम रात्रीचंच आहे.

साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत, सांडपाण्याच्या आणि बायोगॅसच्या प्रकल्पांत हायड्रोजन सल्फाइड असतो. तो जेलमधून आत शिरतो आणि डीबीसीवरच्या तांब्यातून कॉपर सल्फाइडच्या काळ्या फांद्या दोन पट्ट्यांमधल्या खाचेत वाढू लागतात. खाच भरली की शॉर्ट. अशा ठिकाणच्या मॉड्युलमध्ये काळं काही दिसलं तर ते जळाल्याचंच असेल असं धरून बसू नका.

आणि क्वचित असं होतं की सगळं उत्तम, तापमान कमी, वायरी घट्ट, तरी चिपच्या मधोमध एक बारीक भोक. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे वातावरणात तयार होणारे न्यूट्रॉन हे त्याचं कारण असू शकतं. धोका व्होल्टेजबरोबर अतिशय वेगाने वाढतो आणि उंचीबरोबरही. लेहमध्ये, ३५०० मीटरवर, न्यूट्रॉनचा मारा समुद्रसपाटीच्या कित्येक पट असतो. म्हणूनच १२०० व्होल्टच्या मॉड्युलवर कायमचे १००० व्होल्ट ठेवत नाहीत. ८०० च्या आसपास थांबतात. या बिघाडाचा दर फिट या एककात सांगतात: शंभर कोटी तासांत एक बिघाड म्हणजे एक फिट.

पायरी ६: मरायच्या आधी ओळखा

दोन आकडे पाठ करा. पूर्ण चालू असतानाचं कलेक्टर-एमिटर (आयजीबीटीच्या दोन मुख्य टोकांमधलं) व्होल्टेज पाच टक्क्यांनी वाढलं, किंवा थर्मल रेझिस्टन्स वीस टक्क्यांनी वाढला, की चाचणीत मॉड्युल मेलं असं धरतात. पहिला आकडा वायरींची खबर देतो, दुसरा सोल्डरची. पण सोल्डर फाटलं की चिप जास्त तापते, आणि तापमानाने व्होल्टेजही बदलतं. त्यामुळे व्होल्टेज दरवेळी त्याच करंटला आणि त्याच तापमानाला मोजलं तरच तुलनेला अर्थ आहे. मोजताना करंटच्या आणि मोजणीच्या तारा वेगळ्या घ्या, नाहीतर तारेतलं व्होल्टेजच मोजत बसाल.

चिपचं तापमान मोजायला चिपच वापरा. गेटला १५ व्होल्ट द्या आणि कलेक्टरमधून फक्त १०० मिलिॲम्पिअर सोडा. ओव्हनमध्ये २५, ७५ आणि १२५ अंशांना व्होल्टेज लिहून घ्या. दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्ट कमी होताना दिसतील, जवळजवळ सरळ रेषेत. आता मोठा करंट देऊन चिप तापवा, तो तोडा आणि लगेच त्या छोट्या करंटवर व्होल्टेज वाचा. उशीर केलात तर चिप तेवढ्यात थंड झालेली असते, म्हणून वाचन मिलिसेकंदाच्या आत हवं; साध्या मल्टीमीटरने ते जमणार नाही, ऑसिलोस्कोप लागेल. सोल्डरमधल्या पोकळ्या एक्स-रेमध्ये दिसतात, थर सुटलेला असेल तर तो अकूस्टिक (ध्वनिलहरींनी पाहणाऱ्या) मायक्रोस्कोपमध्ये. ही यंत्रं महाग आहेत, पण काही संशोधन संस्था आणि चाचणी प्रयोगशाळा पैसे घेऊन नमुने तपासून देतात.

पायरी ७: पॅकेज निवडताना

आता कॅटलॉगमधले शब्द कळू लागतील. सिंटर केलेली चांदी सोल्डरच्या जागी का? चांदीची पूड २३०-२५० अंशांना दाबाखाली जोडतात, पण जोडल्यावर ती चांदीच, वितळायला ९६१ अंश. नेहमीचं कथील-चांदीचं सोल्डर २२१ ला वितळतं. चिप १५० अंशांवर चालली तर सोल्डर स्वतःच्या वितळण्याच्या अगदी उंबरठ्यावर काम करत असतं आणि चांदीला ते तापमान काहीच नसतं. सिलिकॉन कार्बाइडची चिप सिलिकॉनपेक्षा खूप ताठ असते, स्वतः वाकत नाही, सगळा ताण खालच्या थरावर ढकलते. तिच्यासाठी सोल्डरवर भागवू नका. रेल्वेसाठी तांब्याऐवजी ॲल्युमिनियम-सिलिकॉन कार्बाइडची बेसप्लेट घेतात. ती उष्णता तांब्याच्या निम्मीच वाहते, पण प्रसरण सात-आठ, म्हणजे सिरॅमिकच्या जवळचं. वर केलेलं १६ मायक्रॉनचं गणित तिच्यासाठी पुन्हा करून पाहा.

चंद्रपूर ते पडघे या १९९९ मध्ये सुरू झालेल्या ±५०० किलोव्होल्ट, १५०० मेगावॉटच्या डीसी लाइनसारख्या ठिकाणी वेगळाच विचार असतो. तिथल्या व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे एसी-डीसी बदलणाऱ्या स्विचच्या रचनेत, थायरिस्टरच्या (मोठी वीज हाताळणाऱ्या जुन्या प्रकारच्या स्विचच्या) तबकड्या एकावर एक रचून प्रचंड दाबाने आवळलेल्या असतात. वायरी नाहीतच. एक तबकडी मेली तर ती शॉर्ट होते आणि बाकीच्या काम चालू ठेवतात. बदलायची ती पुढच्या मेंटेनन्सला. वायरींच्या मॉड्युलकडून ही अपेक्षा करता येत नाही. वायरी जळाल्या की सर्किट उघडं पडतं.

पहिल्या वर्षभरात हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक मेलेल्या मॉड्युलची नोंद ठेवा: किती महिने चाललं, लोड कसा होता, दिवसाला किती वेळा चालू-बंद, पेस्टचा ठसा कसा होता, किती वायरी सुटल्या, कुठल्या चिपवर. पेस्टचा फोटो पुसण्याआधी काढा, आणि फोटोत शेजारी स्टीलची पट्टी ठेवा, म्हणजे नंतर माप घेता येतं.